हौशी वादकाचा कान

घरातल्या मुलाने गिटारचा हट्ट धरला म्हणजे आईबापांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. पैसे किती पडतील, आणि अभ्यासाचे काय होईल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत व त्यांची उत्तरे प्रत्येक घराने आपापल्या ऐपतीप्रमाणे द्यावयाची आहेत. परंतु याहून महत्त्वाचा असा एक तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. हे वाद्य हाती घेतल्याने मुलाचा कान तयार होणार आहे काय? बोटे तयार होणे निराळे आणि कान तयार होणे निराळे. बोटे सहा-आठ महिन्यांत वळू लागतात. कानाला वर्षे लागतात, आणि कित्येकांचा कान उभ्या जन्मात उघडत नाही, मग त्यांनी व्यासपीठावर कितीही टाळ्या मिळविलेल्या असोत.

हा विचार मांडताना मुंबई-पुण्याचा मुलगा आम्ही डोळ्यांपुढे ठेवलेला नाही. त्याला शिक्षक आहेत, दुकाने आहेत, मैफली आहेत. आम्ही वांकिडीचा मुलगा डोळ्यांपुढे ठेवला आहे. आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, महाराष्ट्राच्या सीमेलगत हे गाव आहे. पूर्वी हा सगळा टापू निजामाच्या राज्यात होता व राजुरा तालुकाही आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा तत्कालीन मुंबई राज्याकडे गेला. वांकिडी अलीकडे राहिली. २०१६ पासून तिचा जिल्हा कुमुरम भीम आसिफाबाद असा झाला आहे. घरी मराठी, कचेरीत तेलुगू, आणि डोंगराकडच्या वस्त्यांतून गोंडी व कोलामी, अशा चार भाषा येथे एकाच आठवड्यात कानावर पडतात. गिटार शिकू पाहणाऱ्याला येथे शिक्षक मिळेलच असे नाही. परंतु ज्याच्या कानाला लहानपणापासून चार भाषांचे हेल ठाऊक आहेत, त्याच्यापाशी शहरी मुलाकडे नसलेली एक पुंजी आहे, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते.

प्रथम शिकण्याविषयी. गिटारच्या सहा तारा खर्जापासून क्रमाने मी, ला, रे, सोल, सी, मी अशा लावतात. ज्यांनी चर्चच्या गायनवृंदात सोल्फाची बाराखडी गिरविली आहे त्यांना हे सांगावयास नकोच. दांडीवर धातूच्या पट्ट्या, म्हणजे पडदे, बसविलेले असतात आणि प्रत्येक पडदा स्वर अर्ध्या पायरीने चढवितो. पोलादी तारांनी पहिले काही आठवडे डाव्या हाताची बोटे सोलवटून निघतात, पुढे त्यांना घट्टे पडतात. मग येते ती एकाच बोटाने साऱ्या तारा दाबून धरावयाची कॉर्ड, जिला वादक ‘एफ’ म्हणतात. या एका अक्षराने जितक्या गिटारी माळ्यावर टाकल्या गेल्या असतील तितक्या दारिद्र्यानेही टाकल्या गेल्या नसतील! यावर उपाय एकच: रोज थोडा वेळ, परंतु न चुकता. आठवड्याचा रविवार गाठून तीन तास वाजविणाऱ्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसणारा पुढे जातो.

आदिलाबादकडच्या हवेविषयी दोन शब्द मध्येच सांगणे भाग आहे. उन्हाळ्यात या भागात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या छपराखालची खोली त्याहून तापते. अशा उष्म्यात लाकडाचे सांधे जोडणारा सरस सैल पडतो व घोडी उचलली जाते. पावसाळ्यात उलट प्रकार. लाकूड पाणी पिऊन फुगते. तेव्हा वाद्य भिंतीवर शोभेसाठी न टांगता पेटीत अथवा जाड कापडात गुंडाळून जमिनीपाशी ठेवावे, आणि ऐन उन्हाळ्यात तारा थोड्या उतरवून ठेवाव्यात.

शिक्षक नसेल तर शिकावयाचे कोणाकडून? ज्यांचे वादन ध्वनिमुद्रित झाले आहे त्या सगळ्यांकडून. ही युक्ती काही आजची नव्हे. १९५०-६० च्या काळातील पुष्कळ ग्रामोफोनना चार वेग असत: मिनिटाला सुमारे १६, ३३, ४५ आणि ७८ फेरे. तेहतीसची तबकडी सोळावर लावली की गाणे निम्म्या वेगाने व बरोबर एक सप्तक खाली ऐकू येई. भरधाव तानेतील एकेक स्वर मग सुटा होऊन कानात शिरे. जगभरच्या हौशी वादकांनी थोरामोठ्यांचे हात असे चोरले आहेत, आणि या चोरीबद्दल पापनिवेदन करण्याचे कारण नाही. आज हातातला फोन सप्तक न उतरविता वेग कमी करून दाखवितो. सोय मोठीच झाली. परंतु आमचे मत असे, की पडद्यावर उमटणारी बोटांची आकडेवारी पाहून वाजविणारा मुलगा डोळ्यांनी शिकतो. एकच ओळ वीस वेळा ऐकून, चुकत चुकत, तारेवर शोधणारा मुलगा कानाने शिकतो. पहिल्याला गाणे लवकर येते. दुसऱ्याला पुढचे गाणे लवकर येते.

आता ध्वनिमुद्रणाकडे वळू, कारण हौशी वादकाला याहून कडक गुरू मिळावयाचा नाही. वाजविताना माणसाचे निम्मे लक्ष बोटांकडे, पाव लक्ष पुढच्या कॉर्डकडे, आणि उरलेले श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे असते. ऐकावयास कोणी शिल्लकच राहत नाही. तेच वादन दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रातून ऐकावे. सोपा भाग आला की आपण धावतो, अवघड भाग आला की रेंगाळतो, कॉर्ड बदलताना प्रत्येक वेळी अर्धी मात्रा गिळतो, आणि तिसरी तार मघापासून उतरलेली आहे, हे सारे तेथे उघडे पडते. पहिल्या ऐकण्याने पुष्कळांचे तोंड कडू होते. ज्याला ते कडूपण सोसवते तो शिकतो.

ध्वनिमुद्रणासाठी लागणारी मुख्य वस्तू म्हणजे शांतता, आणि ती विकत मिळत नाही. मोकळ्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो व तारांचा नाद पसरट होतो. शहरातील मंडळी यासाठी भिंतींना महागड्या पट्ट्या चिकटवितात. वांकिडीच्या शेतकरी घरात दिवाळीनंतर हे काम कापूस फुकट करतो! वेचणी होऊन भाव ठरेपर्यंत ज्या खोलीत कापसाची रास लागलेली असते, त्या खोलीत आवाज भिंतीवरून परत फिरत नाही. कापूस तो शोषून घेतो. एरवी दोन जाड गोधड्या दोरीवर टाकल्या तरी चालते. फोन वाद्याच्या अगदी तोंडाशी न धरता हातभर अंतरावर, दांडी जेथे पेटाऱ्याला मिळते त्या जागेच्या रोखाने ठेवावा. पहाटेची वेळ उत्तम, रस्त्यावर मालमोटारी सुरू होण्यापूर्वीची. पंखा बंद करावा. त्याचा घरघराट आपल्या कानाला सवयीचा असतो, यंत्राला नसतो.

एका गोष्टीची मात्र धास्ती वाटते. १९४८ साली लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाने आपल्या घरच्या गॅरेजात, एकावर एक थर चढवीत, ‘लव्हर’ नावाची धून तयार केली. तीत ऐकू येणारे आठही गिटारवादक तो स्वतःच होता. काही थर त्याने निम्म्या वेगाने मुद्रित करून दुप्पट वेगाने वाजविले. हा पराक्रम तेव्हा विस्मयाचा होता. आज तोच खेळ शाळकरी पोराच्या खिशात आहे, आणि त्याबरोबर एक मोहही आला आहे: चुकलेला स्वर कापून टाकावा, उतरलेला चढवावा, मागेपुढे पडलेला ठेक्यात आणून बसवावा. लेस पॉलने आठही वेळा स्वतः वाजविले होते. यंत्राकडून चूक पुसून घेणारा वादक मात्र आपला आरसाच रंगवून ठेवतो.

हा आरसा आमच्या प्रार्थनामंदिरांतही एकदा लावून पाहावा, असे सुचवावेसे वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविधीविषयीच्या आपल्या संविधानात ऑर्गनचा मान कायम राखला, परंतु योग्य अशा इतर वाद्यांनाही द्वार मोकळे केले, आणि ज्या त्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा असे सांगितले. त्यानंतर जगभर गिटार चर्चमध्ये आली. ती आली याचा आनंदच आहे. पण चार कॉर्डांचा एकच झणत्कार प्रवेशगीतापासून समारोपापर्यंत चालू राहतो आणि त्याखाली भाविकांचे गाणे बुडून जाते, हे वादकाला कळत नाही, कारण तो वाद्याच्या जवळ असतो. शेवटच्या बाकावर फोन ठेवून एका रविवारची मिस्सा मुद्रित करावी व वृंदाने ती एकत्र बसून ऐकावी. कोणी कोणाला काही बोलण्याची गरज उरणार नाही.

शिकणे झाले, मुद्रण झाले. छंदाचे तिसरे अंग म्हणजे नवे संगीत धुंडाळणे. जुन्या पिढीला यासाठी कष्ट होते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले व आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. तेव्हा श्रोत्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळविली आणि अमीन सायानींच्या आवाजासाठी आठवड्याचा एक दिवस राखून ठेवला. आकाशवाणीला १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली ती याच ओढीने. खरखरीतून एखादी धून पकडणे, ती पुन्हा कधी लागेल म्हणून वाट पाहणे, तोवर ती मनात घोळविणे, यात कान आपसूक घडत असे. आज सारे जग फोनमध्ये आहे, आणि तो फोन आपल्याला आवडलेल्यासारखेच आणखी काही पुढे करीत राहतो. स्पेनची गिटार ऐकली की पुन्हा स्पेनचीच गिटार. अशा रीतीने धुंडाळणे म्हणजे स्वतःच्याच अंगणात गोल फिरणे होय.

वांकिडीच्या गिटारवादकाने एकदा फोन खिशात ठेवून शेजारी कान द्यावा. तेथे किकरी आहे.

किकरी हे परधान लोकांचे धनुकलीने वाजवावयाचे तीन तारांचे वाद्य. परधान हे राजगोंडांचे वंशपरंपरेचे भाट. गोंड कुळांचे देव, त्या कुळांची उत्पत्ती, त्यांच्या वीरांच्या कथा हे सारे परधानाच्या कंठात असते, आणि देवकार्याच्या प्रसंगी किकरीच्या साथीने तो ते गातो. मौजेची गोष्ट अशी, की आदिलाबादकडील परधानांची घरची बोली मराठी आणि त्यांच्या कथागायनाची भाषा गोंडी. आपल्या मायबोलीचा माणूस आपल्या उंबरठ्याशी दुसऱ्या भाषेचे पुराण सांभाळून बसला आहे, आणि आपण मात्र ‘नवे संगीत’ शोधण्यासाठी सातासमुद्रापलीकडे कान लावतो!

क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात याच डोंगरांतील मार्लवाई गावी राहिले होते. राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातील कुळकथांचा मोठा भाग परधानांच्या तोंडूनच आलेला आहे. त्याच मार्लवाईचे कनक राजू यांना गुसाडी नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ साली ते निवर्तले. नृत्याला निदान पाहणारे लाभतात, दिवाळीच्या दिवसांत मोरपिसांचे मुकुट घातलेली मंडळी सर्वांच्या नजरेत भरतात. रात्रभर चालणाऱ्या कथेला बसून ऐकणारा लागतो. ही विद्या बापाकडून मुलाकडे केवळ कानाने जाते. मुलाने दुसरा धंदा धरला की साखळी एका पिढीत तुटते, आणि ती तुटल्याचा आवाज होत नाही.

गिटारवाल्याने किकरीबरोबर वाजवून पाहिले तर प्रथम त्याला वाटेल की समोरचा माणूस बेसूर आहे. किकरीला पडदे नाहीत; बोट तारेवरून घसरत जाते, आणि स्वर पडद्यांच्या मधल्या जागी येऊन थांबतो. गिटारच्या पट्ट्या लोखंडाच्या रुळांसारख्या ठोकलेल्या. गाडी त्यांवरूनच जाणार. बाजाच्या पेटीविषयीही असाच आक्षेप होता, आणि १९४० पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. वादकाने ते वादन घरी आणून दहा वेळा ऐकावे. मधले स्वर दर वेळी नेमके त्याच जागी येतात, हे एकदा ध्यानात आले म्हणजे तोवर अढळ वाटणारे आपले पडदे ही केवळ एक सोय आहे, हे कोणी न सांगता कळते.

पडद्यांची ही अडचण गिटारने पूर्वी एकदा ओलांडलेली आहे. हवाई बेटांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून पोलादी कांडी सरकविण्याची रीत निघाली. टाऊ मो हे हवाई पद्धतीचे वादक १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहिले, आणि तेथून हे वाद्य आपल्याकडे बरेच रुजले. जोधपूरच्या उद्योगपती घराण्यातील ब्रिजभूषण काब्रा हे शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ. कलकत्त्याच्या एका भेटीत हवाई गिटार ऐकून ते तिच्या नादी लागले. या वाद्यावर शास्त्रीय संगीतच वाजवीन, असे त्यांनी वडिलांना वचन दिले, उस्ताद अली अकबर खाँसाहेबांकडे ते शिकले, आणि पोलादी कांडीने त्यांनी गिटारमधून मींड काढली. कांडीखाली पडदे नामशेष होतात. गिटार किकरीच्या बिरादरीत येऊन बसते.

१९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी निघाली. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, काब्रांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत तीत रंगविला आहे. ती घडवून आणणारे गृहस्थ मराठी होते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. नागपूरचे गो. ना. जोशी, वकिलीचे शिक्षण घेतलेले आणि हौसेने गाणारे. १९३० च्या दशकाच्या आरंभी ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता त्यांनी तबकडीवर गायिली आणि मराठी भावगीताला घरोघरी वाट करून दिली. १९३८ मध्ये ते एच. एम. व्ही. कंपनीत गेले व पुढे तीनेक दशके दुसऱ्यांचे गाणे टिपून घेत राहिले. त्यांच्या आठवणी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात आहेत. जो वकील हौसेने यंत्रापुढे गायला, तोच पुढे यंत्राच्या मागे उभा राहून इतरांना गाते करू लागला, ही घटना आम्हांस त्यांच्या स्वतःच्या गाण्याइतकीच मोलाची वाटते.

काब्रांचे उदाहरण देताना थोडा संकोचही होतो. आईबाप लगेच विचारतील, आमचा मुलगा काब्रा होईल काय? बहुधा होणार नाही. हजारांतील नऊशे नव्याण्णव हौशीच राहतील, आणि त्यात उणेपण काहीच नाही. हौशी माणसाला टाळ्यांची व तिकिटांची काळजी नसते, म्हणून ज्याचा बाजार नाही अशा संगीतासाठी तो रात्र खर्चू शकतो. धंदेवाईकाला ती परवडत नाही.

तशी रात्र खर्चून कोणी परधानाघरी, किंवा जात्यावरच्या ओव्या अजून आठवणाऱ्या एखाद्या आजीपाशी, फोन घेऊन जाऊन बसणार असेल तर त्याने थोडी रीत पाळावी. प्रथम विचारावे. काही कथा ठराविक देवकार्यालाच गावयाच्या असतात. गायक नको म्हणाला तर तेथेच थांबावे, आड दाराने फोन चालू ठेवू नये. परधानाला यजमानाने बिदागी द्यावयाची ही जुनी चाल आहे. ऐकणाऱ्यानेही रिकाम्या हाताने उठू नये. आणि मुद्रण सुरू होताच पहिल्याप्रथम आपल्याच आवाजात गायकाचे नाव, गाव, तारीख, भाषा आणि प्रसंग सांगावा. कागद हरवतो, ध्वनीत बोललेले ध्वनीबरोबर राहते.

अशा कामाचे महाराष्ट्रातले मोठे उदाहरण म्हणजे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून चालविलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. गावोगावच्या बायकांकडून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांपैकी कित्येक त्या त्या बाईच्या आवाजात मुद्रित झाल्या. विजेच्या गिरण्यांनी जाती बंद पाडली होती. हात थांबले तरी ओठांवर ओव्या होत्या, तेवढ्या अवधीत हे काम झाले. दहा वर्षांनी उशीर झाला असता तर त्यातील बराच भाग हाती लागला नसता.

आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. आर्नोल्ड बाके या डच संगीतज्ञांनी १९३८-३९ मध्ये दक्षिण भारतात हिंडून लोकांचे गाणे मुद्रित केले. १९८४ साली नझीर जैराझभॉय आणि एमी कॅटलिन हे दोघे तीच मुद्रणे घेऊन तमिळनाडू, केरळ व कर्नाटकात त्याच समाजांकडे परत गेले. काही ठिकाणी परंपरा जशीच्या तशी होती, काही ठिकाणी पार बदललेली, आणि काही ठिकाणी ते गाणे आता फक्त बाकेंच्या यंत्रातच उरले होते. जैराझभॉय यांच्याच पुढाकाराने १९८२ साली स्थापन झालेले अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीत-ध्वनिसंग्रहालय सध्या गुरुग्राम येथे आहे; अशा मुद्रणांचे जतन हेच त्याचे काम.

वांकिडीच्या मुलाने मात्र गुरुग्रामपर्यंत धावण्याआधी एक साधी गोष्ट करावी. फोन हरवतो, पाण्यात पडतो, दोन वर्षांनी बदलला जातो, आणि त्याबरोबर आतले सगळे जाते. म्हणून प्रत्येक मुद्रणाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या कार्डांवर, त्याच आठवड्यात कराव्यात. एक आपल्या घरी ठेवावी. दुसरी, नाव-तारीख लिहून, ज्याने गायिले त्याच्या घरी नेऊन द्यावी, आणि ती त्याच्या नातवाच्या फोनवर लागते की नाही हे तेथेच बसून पाहावे.